फोन बंद, हप्ता चालू

दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत अकोल्याच्या गांधी रोडवर किंवा अमरावतीच्या जयस्तंभ चौकात एखाद्या मोबाइलच्या दुकानात तासभर थांबून बघा. किंमत विचारणारे गिऱ्हाईक थोडे. बहुतेकांचा प्रश्न एकच, ‘महिन्याले किती पडते?’ काउंटरमागच्या पोराला हिशेब तोंडपाठ असतो. अठराशेचा हप्ता, दहा महिने, आज काहीच भरायचे नाही. आधार, पॅन, बँकेचे पासबुक आणि कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून काढलेला एक फोटो. फायनान्सचा माणूस दुकानातच खुर्ची टाकून बसलेला असतो, त्यामुळे गिऱ्हाईकाला तो दुकानाचाच वाटतो. ओटीपी येतो, तो सांगायचा. पुन्हा येतो, पुन्हा सांगायचा. अर्ध्या तासात डबा हातात, वर टेम्पर्ड ग्लास फुकट.

त्या अर्ध्या तासात गिऱ्हाईकाने दोन वेगवेगळे करार केलेले असतात. एक दुकानदाराशी, वस्तू विकत घेतल्याचा. दुसरा फायनान्स कंपनीशी, कर्ज घेतल्याचा. ओटीपी सांगितला म्हणजे सही झाली. पैसे कंपनीने परस्पर दुकानदाराला दिले, फोन दुकानदाराने गिऱ्हाईकाला दिला, आता गिऱ्हाईकाने कंपनीला फेडायचे. कायद्याच्या नजरेत एका कराराचा दुसऱ्याशी संबंध नाही. फोन चांगला निघाला तर यात कुणाचेच काही अडत नाही.

माझ्या मावसबहिणीच्या मुलाचे अडले. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातले घर, पाच एकर कोरडवाहू. पोरगा नुकताच अठरा पुरा झालेला, स्वतःच्या खात्यात उलाढाल नाही, म्हणून कर्ज बापाच्या नावावर. दिवाळीत फोन घेतला. उन्हाळा लागता लागता पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आली, आठवड्याने दुसरी, मग अर्धा पडदा काळा. वॉरंटी वर्षाची, म्हणून तो निर्धास्त अकोल्याला गेला. सर्व्हिस सेंटरने फोन ठेवून घेतला, जॉबशीट दिली आणि दोन दिवसांनी कळवले, खालच्या कोपऱ्याला पोचा आहे, सबब ‘फिजिकल डॅमेज’, सबब वॉरंटी लागू नाही. नव्या डिस्प्लेचा खर्च फोनच्या निम्म्या किमतीहून जास्त. दुकानदार म्हणाला, ‘आपलं काम इकाचं हाये भाऊ. बिघडलं त कंपनीच्या सेंटरवर जा न.’ फायनान्सच्या नंबरावरची मुलगी नम्रपणे म्हणाली, सर, आपण कर्ज घेतलंय, फोन आम्ही विकला नाही. पाच तारखेला खात्यात पैसे ठेवा.

बहिणीचे म्हणणे सरळ होते. ‘फोन सेंटरवर पडून हाये अन् पैसे त इथून कटूनच राह्यले. हा कोन्ता न्याव?’

पोराने पुढच्या महिन्यापासून हप्त्याचे खाते रिकामे ठेवले. वस्तूच नाही तर पैसे कशाचे, असा त्याचा हिशेब. बाजारात उभ्या असलेल्या कुणालाही पटेल असा. इथेच माणसे फसतात.

*

पाश्चात्त्य देशांत फोन आणि सेवा यांचा एकत्र, वर्षा-दोन वर्षांचा करार करण्याची रीत जुनी आहे. आपला देश प्रीपेडचा, रिचार्ज संपला की विषय संपला. तरीही करारात अडकवणारा फोन वऱ्हाडाने आधी पाहिला आहे. २८ डिसेंबर २००२ ला, धीरूभाई अंबानींच्या जयंतीला, रिलायन्स इन्फोकॉम बाजारात उतरली आणि २००३ च्या जुलैत तिची ‘मान्सून हंगामा’ योजना आली. ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा, बाकी महिन्याच्या बिलातून. सीडीएमए तंत्राचे ते फोन त्याच कंपनीच्या जाळ्याला बांधलेले. सिम काढून दुसरे घालण्याची सोयच नव्हती. जाळे सुटले की हातात उरे तो बटणांचा ठोकळा. पुढे अनेकांनी बिले भरणे सोडले, कंपनीने जोडण्या तोडल्या, बुडीत रकमांची तरतूद केली. २०१७ च्या अखेरीस भावांच्या वाटणीत धाकट्या पातीकडे गेलेल्या त्या कंपनीची मोबाइल सेवाच बंद झाली, आणि ते ठोकळे आजही कितीतरी घरांत फडताळात पडून असतील. थोरल्या पातीने २०१७ मध्येच जिओफोन आणला: १५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत, मात्र दरवर्षी ठरावीक रकमेचे रिचार्ज केलेच पाहिजे. तोही करारच होता. फक्त त्याला करार म्हणून कुणी ओळखले नाही.

आता बांधणारी दोरी सेवेची नाही, कर्जाची आहे. ‘झिरो कॉस्ट’ या शब्दांनी ती मऊ वाटते एवढेच. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावले होते. व्याज असते, कधी ते उत्पादक किंवा विक्रेता आपल्या नफ्यातून भरतो, कधी रोखीवाल्याला मिळू शकणारी सूट हप्तेवाल्याच्या वाट्याला येत नाही. त्यावर प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी, आणि न मागता कर्जात बेमालूम मिसळलेला एखादा ‘प्रोटेक्शन प्लॅन’. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने सगळा खर्च एका पानावर लिहून दाखवण्याची सक्ती आहे. ते पान फोनवरच येते. काउंटरवर ते वाचत बसलेले गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही. मागे रांग असते.

वऱ्हाडात आणखी एक गोची आहे. हप्ता महिन्याचा, मिळकत हंगामाची. सोयाबीनचा पैसा दसऱ्या-दिवाळीला, कापसाचा माघापर्यंत, तूर त्याच्या आगेमागे. त्यानंतर पुढच्या दसऱ्यापर्यंत घरात येणारे काही नाही, जाणारेच सगळे. दिवाळीला घेतलेल्या दहा हप्त्यांचे शेवटचे तीन बरोबर जून, जुलै, ऑगस्टमध्ये पडतात. बी-बियाणे, खत आणि निंदणाच्या मजुरीच्या दिवसांत. फोन धड असला तरी हे हप्ते जड जातात. बंद पडलेल्या फोनचे हप्ते तर पहिल्यांदा बुडतात.

बुडाले की दोन्हीकडून मार बसतो. फायनान्स कंपनी बाउन्सचा आकार लावते, खाते रिकामे होते म्हणून बँक वेगळा लावते. मग वसुलीचे फोन सुरू होतात, अर्जावर लिहून दिलेल्या शेजाऱ्याला आणि सोयऱ्यालाही. आणि कुणाला न दिसता सिबिलचा आकडा खाली येतो. माझ्या भाच्याच्या घरी तो दिसला तो पीककर्जाच्या वेळी, कारण कर्ज बापाच्या नावावर होते. पीककर्जाला सिबिलची अट घालू नये, असे सरकार सांगत आले आहे. २०२५ च्या मे महिन्यात तर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अशी अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याची भाषा केली. वरची भाषा तालुक्याच्या शाखेपर्यंत पोचायला वेळ लागतो. शाखेतला साहेब पडद्याकडे बघून म्हणाला, तुमचं एक कर्ज थकीत दिसते. पाच एकरांचे पीककर्ज हिरव्या रेघेवर अडले.

*

आता त्या रेघेकडे जवळून बघू. ॲमोलेड पडद्यांवर अशी रेघ येणे हा देशभर गाजलेला दोष आहे. अनेकांच्या फोनवर ती सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर उमटली. तक्रारी एवढ्या वाढल्या की २०२४ च्या जुलैत वनप्लस कंपनीने भारतातल्या आपल्या गिऱ्हाईकांना हिरव्या रेघेसाठी पडद्याची आजीवन हमी जाहीर केली. (भाच्याचा फोन त्या कंपनीचा नव्हता.) म्हणजे हा दोष गिऱ्हाईकाच्या हातातून फोन पडल्यामुळेच होतो असे नाही, हे उद्योगाला ठाऊक आहे. पण सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर पहिला शोध घेतला जातो तो पोच्याचा आणि ओलीचा.

ओलीचा पुरावा फोनच्या पोटात असतो. सिमच्या कप्प्यात किंवा आत बोर्डाजवळ बारीक पांढरी पट्टी चिकटवलेली असते. पाणी लागले की ती लाल होते. लाल दिसली की वॉरंटी संपली. पाणी विहिरीतले की खिशातल्या घामाचे, हे पट्टी सांगत नाही.

उष्णतेचे तर विचारूच नका. ॲपलच्या माहितीपत्रकात आयफोन वापरायचे हवेचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस दिले आहे. अकोल्यात मार्चच्या मध्यालाच हा आकडा मागे पडतो. २०२४ च्या मे अखेरीस पारा ४५ अंशांपुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लावले होते. म्हणजे माणसांना उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून जमावबंदीचे कलम, आणि त्याच उन्हात डिलिव्हरीच्या दुचाकीच्या दांड्यावर लावलेल्या फोनला पुस्तकातला ३५ अंशांचा नियम. बॅटरी फुगली की दोष वापरणाऱ्याचा. हे फोन वऱ्हाडात विकताना मात्र तापमान कुणी विचारत नाही.

सर्व्हिस सेंटरे जिल्ह्याच्या गावी. धारणीच्या माणसाने मेळघाट ओलांडून परतवाड्यावरून अमरावती गाठायची म्हणजे दिवस गेला. फोन दाखवायला एक, आणायला दुसरा. मध्ये पुन्हा ‘पार्ट आला नाही’चा तिसरा. २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलेले हरिसाल याच धारणी तालुक्यातले.

दोष कोणाचा, हे सिद्ध करण्याची पंचाईत वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला नवी नाही. बियाणे उगवले नाही, की कंपनी म्हणते, तुम्ही खोल पेरले, पाऊस कमी होता, बियाण्याचा नमुना दाखवा. नमुना कुठून आणायचा, तो तर पेरला. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला, तेव्हा हीच ओढाताण गावोगावी झाली. यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच, राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सांगून ठेवले आहे की, शेतकऱ्याने चाचणीसाठी बियाणे बाजूला काढून ठेवावे, ही अपेक्षा धरता येत नाही. शेतकरी हा ग्राहकच आहे आणि ग्राहक मंचाचे दार त्याला उघडे आहे. फोनवाल्याची गत तीच. वस्तू सेंटरच्या ताब्यात, निदान सेंटरचे, आणि सेंटर उत्पादकाचे. आरोपीनेच पंचनामा लिहायचा असा हा प्रकार आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या ३८ व्या कलमात वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूद आहे, पण तिची फी तक्रारदाराकडून मागता येते, आणि अठरा हजारांच्या फोनसाठी तिथवर जाणारे विरळा. तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून तक्रार लंगडी पडते.

म्हणून जॉबशीट हा कागद सोन्याचा आहे. सेंटरचा पोरगा ती भराभर टाइप करतो आणि पेन पुढे करतो. फोनच्या स्थितीच्या रकान्यात त्याने ‘डेंट’, ‘स्क्रॅच’ असे काही आधीच लिहिले असेल, तर त्यावर सही म्हणजे कबुली. भाच्याने तीच केली होती. फोन देण्यापूर्वी चारी बाजूंनी त्याचे चित्रण करून ठेवले असते, तर त्या पोच्याचे वय तरी ठरवता आले असते.

*

पुढचा भाग मला सगळ्यांत जास्त खटकतो. हप्ता चुकला तर फोन दुरूनच बंद पाडणारे ॲप बाजारात आहे. फोन पहिल्यांदा सुरू करताना दुकानातच एक क्यूआर कोड स्कॅन करवून ते आत बसवले जाते. फोन पूर्ण पुसून काढला तरी जात नाही. हप्त्याची तारीख उलटली की पडद्यावर पैसे भरा एवढाच मजकूर, बाकी सगळे कुलूपबंद. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने कंपन्यांना हा प्रकार थांबवायला सांगितल्याचे, आणि आता गिऱ्हाईकाची आधी संमती घेऊन त्याला वाट करून देण्याचा विचार असल्याचे वृत्त रॉयटर्सने सप्टेंबर २०२५ मध्ये दिले. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही विषय तपासून पाहत असल्याचे सांगितले.

संमती कशी घेतली जाईल, ते गांधी रोडवर उभे राहिलेल्या माणसाला सांगायला नको. आणखी एक ओटीपी.

माझा मुद्दा वेगळा आहे. हप्ता चुकला तर फोन बंद करता येतो, याचा अर्थ कर्ज आणि फोन ही एकच गोष्ट आहे असे फायनान्स कंपनी मानते. मग फोन बंद पडला तर हप्ता का थांबत नाही? तेव्हा मात्र कर्ज वेगळे आणि फोन वेगळा. दोन करार वेगळे की एक, हे प्रत्येक वेळी कर्ज देणाऱ्याच्या सोयीने ठरते. दुकानात खुर्ची टाकून बसताना एक, तक्रार आली की दोन, वसुलीच्या वेळी पुन्हा एक.

यावर इतरांनी उत्तरे शोधलेली आहेत. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्यातले ७५ वे कलम म्हणते की, १०० पौंडांवरची आणि ३०,००० पौंडांपर्यंतची वस्तू विक्रेत्याशी संधान असलेल्या कर्जातून घेतली आणि विक्रेत्याने करार मोडला, तर कर्ज देणाराही विक्रेत्याइतकाच जबाबदार. अमेरिकेत १९७६ पासून असाच नियम आहे. विक्रेत्यापुढे जी तक्रार करता येते, ती कर्जाच्या कागदाच्या धारकापुढेही करता येते. आपल्याकडे १९७२ साली भाडे-खरेदीचा कायदा संसदेने केला होता. हप्त्याने माल देणाऱ्यावर मालाच्या दर्जाची जबाबदारी टाकण्याची सोय त्यात होती. तो कधी अमलातच आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. तेहतीस वर्षे कागदावर झोपलेला कायदा.

सावकारी कायद्याचीही वाट बंद आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बिगर-बँक वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. उरते रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे दार. कंपनीकडे आधी लेखी तक्रार, तीस दिवस वाट, मग तिकडे. वसुलीचा त्रास, न सांगता लावलेले आकार यांसाठी ते उपयोगाचे आहे. फोनच्या दोषात लोकपाल पडत नाही.

फायनान्सचा करारच अन्यायकारक आहे, असे म्हणायचे असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याची व्याख्या आहे. पण ती तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, थेट राज्य आयोगात न्यावी लागते. वऱ्हाडाला जवळचे ते नागपूरचे परिक्रमा खंडपीठ. अमरावतीहून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. अठराशेच्या हप्त्यासाठी कोण जाणार, हे कायदा करणाऱ्यांनाही कळत असावे.

जिल्हा आयोगाची वाट त्या मानाने सोपी आहे. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे आयोग आहेत. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. फोन बंगळुरूच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला असला तरी. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. बिलावर छापलेले ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य पाहून घाबरायचे कारण नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. कायद्यात निकालाला तीन महिने, चाचणी लागली तर पाच महिने दिलेले आहेत. तेवढ्यात निकाल लागेल, असे मात्र आयोगाच्या बाकावर बसलेल्या कुणालाही सांगू नका. सदस्यांच्या नेमणुकांचे घोंगडे देशभर वर्षानुवर्षे भिजत पडले होते; नेमणुकीच्या नियमांतली काही कलमे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ सप्टेंबर २०२१ ला रद्द केली आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. तारखा पडतात, पडत राहतात.

भाच्याला आयोगापर्यंत जावे लागले नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्याने तक्रार नोंदवली, बिल, जॉबशीट आणि हिरव्या रेघेचे फोटो जोडले. काही आठवड्यांनी उत्पादकाच्या कार्यालयातून फोन आला आणि डिस्प्ले फुकट बदलून मिळाला. पोच्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. थकलेले हप्ते त्याने बाउन्सच्या आकारासह भरले. ते आकार कुणी परत केले नाहीत आणि बापाच्या सिबिलवरचा डागही तक्रार मिटली म्हणून मिटला नाही. पीककर्ज उशिरा मिळाले. तोवर पेरणी उसनवारीवर झाली होती.

तेव्हा ग्राहक संघटना, आमदार, खासदार यांच्याकडे मागणी एकच करावी: विक्रेत्याच्या दुकानात बसून दिलेल्या कर्जाला विक्रेत्याच्या दोषाशी बांधणारे एक कलम. सदोष वस्तूची तक्रार नोंदली, की ती निकाली निघेपर्यंत हप्ता स्थगित आणि सिबिलला नोंद नाही. फोनला कुलूप लावण्याची परवानगी द्यायचीच असेल, तर या अटीशिवाय देऊ नये.

ते होईपर्यंत, या दिवाळीत हप्त्यावर फोन घेणाऱ्यांनी आयएमईआय नंबर असलेले पक्के बिल घ्यावे, कर्जाचे पान घरी नेऊन मग ओटीपी सांगावा आणि कर्ज शेती ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावावर काढू नये. फोन बिघडला तर हप्ता थांबवू नका. भांडण दुकानदाराशी आणि उत्पादकाशी करा, लेखी करा, आणि दोन वर्षांच्या आत करा.